घरची मेथी फुकट नसते

पत्र : मी निफाड तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत सातवी-आठवीला शिकवते. दर वर्षी जानेवारीत आमच्याकडे ‘आनंद बाजार’ भरतो. यंदा सातवीतल्या एका मुलीनं घरच्या मेथीच्या ४० जुड्या आणल्या. ३० जुड्या दहा रुपयांनी गेल्या, शेवटच्या सहा तिनं पाच रुपयांनी देऊन टाकल्या, चार उरल्या. ‘बाई, मला ३३० रुपये नफा झाला,’ असं तिनं सगळ्यांसमोर सांगितलं. टाळ्या पडल्या. हा नफा नव्हे हे मला कळत होतं, पण तिचा हिरमोड न करता ते कसं सांगायचं, ते सुचेना. नववीच्या भूगोलात अर्थशास्त्र येतं तोवर मुलांना व्याख्या पाठ करायची सवय लागलेली असते. त्याआधी, गावातलंच काही घेऊन हा विषय शिकवता येईल का? शनिवारचा एक तास हाताशी आहे. वर्गात बागायतदारांची मुलं आहेत, मजुरांचीही आहेत. टक्केवारी बहुतेकांची कच्ची आहे. – एक शिक्षिका

उत्तर :

बाई, सप्रेम नमस्कार.

सुरुवात त्या मेथीपासूनच करा. त्या मुलीनं जमेची बाजू चोख सांगितली आहे. राहिली ती खर्चाची, आणि ती का राहिली हे समजलं की अर्ध अर्थशास्त्र आलं. मेथी घरची, म्हणून फुकट. वडिलांची गाडी, म्हणून फुकट. आपण स्वतः बसलो, म्हणून तेही फुकट. ही चूक लहान मुलंच करतात असं नाही. ‘घरचं दूध आहे, त्याला काय खर्च’ असं म्हणणारी मोठी माणसंही आपण रोज बघतो.

फळ्यावर दोन बाजू आखा. डावीकडे जमा : ३० जुड्यांचे ३०० आणि सहा जुड्यांचे ३०, एकूण ३३०. उजवीकडे खर्च लिहिताना पहिलाच प्रश्न येतो, मेथीची किंमत काय धरायची? त्यासाठी मुलीला एकच विचारा : ‘ही मेथी शाळेत आणली नसती, तर वडिलांनी तिचं काय केलं असतं?’ ती सांगेल, सकाळी व्यापाऱ्याला दिली असती. काय भावानं? समजा, पाच रुपये जुडी. मग ४० जुड्यांचे २०० रुपये घरानं सोडले. ते कुणाच्या खिशातून गेले नाहीत, पण यायचे ते आले नाहीत. पुस्तकात याला ‘संधी खर्च’ म्हणतात. ते नाव नंतर सांगा, आधी ‘घरानं काय सोडलं?’ हा प्रश्न मुलांच्या तोंडी बसू द्या. त्यानंतर सुतळी आणि पिशव्यांचे १० रुपये, वडील गाडीवरून माल टाकून गेले त्या पेट्रोलचे २०. खर्च झाला २३०, उरले १००.

इथं दोन चुका हटकून होतात. पहिली मुलांची : ‘चार जुड्या विकल्याच नाहीत, त्यांचा खर्च कशाला?’ म्हणून ती ३६ जुड्यांचाच खर्च धरतात. माल आणला ४० जुड्यांचा, सोडले ४० जुड्यांचे पैसे, तेव्हा खर्च चाळीसचाच. दुसरी चूक उत्साही शिक्षकांकडून होते. पाच रुपये भाव धरून झाल्यावर बियाणं, पाणी, काढणीची आणि जुड्या बांधण्याची मजुरी हेही ते वर मांडतात. असा हिशेब दुहेरी होतो. व्यापाऱ्याचे पाच रुपये हे काढून, बांधून दिलेल्या जुडीचे आहेत; काढणीची मजुरी त्यातच आली. शेतापासूनचा खर्च मांडायचा असेल तर जरूर मांडा, पण मग पाच रुपयांचा आकडा पुसून टाका. दोन्ही वाटा बरोबर आहेत, मात्र एका वेळी एकच.

उरलेल्या १०० रुपयांचं काय? मुलगी तीन तास बसली. तासाला साधारण ३३ रुपये पडले. ही तिची कमाई. ‘तुझा नफा ३३० नव्हता’ असं म्हणण्यापेक्षा ‘तुझ्या तीन तासांच्या बसण्याला, हाका मारण्याला आणि सुट्टे सांभाळण्याला १०० रुपये मिळाले’ असं म्हणा. हिरमोड होणार नाही, कारण हे खरंच तिचं आहे. आधीच्या ३३० मध्ये मात्र तिच्या वडिलांचं शेत मिसळलेलं होतं. शिवाय ‘गल्ल्यात आलेले पैसे’ आणि ‘नफा’ असे दोन वेगळे शब्द त्या दिवसापासून वर्गात रुजतील.

आता पुढच्या आनंद बाजाराबद्दल. बहुतेक शाळांत तो जत्रेसारखा होतो. सरपंच येतात, फोटो निघतात, पालक कौतुकानं पाच रुपयांचा वडा वीस रुपयांना घेतात आणि दुपारी सगळं आवरतं. मजा असावीच. पण शिकवायचं असेल तर आधी चार आणि नंतर दोन तास द्यायला हवेत. पाच-पाच मुलांचे गट करा. प्रत्येक गटाला वर्गनिधीतून २०० रुपये भांडवल द्या, तेही उसनं, वहीत सही घेऊन. घरून पैसे आणू देऊ नका. ज्याच्या घरी ट्रॅक्टर आहे तो हजाराचा माल मांडतो आणि ज्याची आई खुरपायला जाते ती मुलगी लिंबू-सरबताचे दहा पेले मांडते. अशा शर्यतीत काहीच शिकून होत नाही. घरचा माल आणायचा असेल तर त्याचा त्या दिवसाचा व्यापारी भाव त्या २०० रुपयांतून घरी द्यायचा, हा नियम करा. मेथीचा धडा मग आपोआप सगळ्यांना मिळतो.

पालकांसाठी कुपनं ठेवा, एका घराला ५० रुपयांची, पाच-पाचची दहा. त्याहून जास्त नाही. पैसे मोजके असले की पालक निवड करतात, आणि निवड झाली तरच कोणता माल लोकांना हवा होता ते कळतं. प्रत्येक टेबलावर भावफलक असू द्या. भाव बदलला तर जुना आकडा खोडून शेजारी नवा आणि वेळ लिहायची. ही खाडाखोड नंतरच्या तासाला सोन्यासारखी उपयोगी पडते. एकाच वेळी सात गटांनी पाणीपुरी मांडायचं ठरवलं तर अडवू नका. आदल्या दिवशी समजूत घालण्याचा मोह होईल, तो आवरा. सात टेबलांवर पाणीपुरी असली की भाव कसा उतरतो, कोण पुरीची संख्या वाढवतं आणि एकटा ओल्या हरभऱ्याचा गट कसा शांतपणे माल संपवतो, हे मुलांनी डोळ्यांनी बघितलं की ‘स्पर्धा’ हा शब्द समजवावा लागत नाही. बक्षीस मात्र सर्वांत जास्त नफ्याला देऊ नका. मापात मारण्याचा धडा नकळत तिथंच मिळतो. ज्या गटाचा हिशेब आणि गल्ला पैशाला पैसा जुळेल, त्याचं कौतुक करा.

भांडवल परत घेताना व्याज घ्या, शेकडा दोन. २०० वर ४ रुपये. ही रक्कम नगण्य आहे, पण या ‘शेकडा दोन’वर एक पूर्ण शनिवार द्या, असं आमचं आग्रहाचं सांगणं आहे. बचत गटात जाणाऱ्या आयांच्या तोंडून मुलांनी ‘दोन टक्के’ ऐकलेलं असतं. बँकेच्या पाटीवर ‘नऊ टक्के’ बघितलेलं असतं. मुलं बिनदिक्कत सांगतात की बचत गट स्वस्त. दोन हे महिन्याचे आणि नऊ हे वर्षाचे, हे कुणी सांगितलेलंच नसतं. दोनाचे बारा महिने म्हणजे वर्षाला २४. अर्थात गटाचं व्याज गटातच राहतं आणि सभासदांमध्ये वाटलं जातं, तेही सांगा, नाहीतर मुलं घरी जाऊन आईशी वाद घालतील.

याच तासाला हप्त्यांचं उदाहरण घ्या. १०,००० रुपये कर्ज, दरमहा १,००० मुद्दल फेडायचं, दहा महिने, व्याज ‘वर्षाला १२ टक्के’. एक सावकार म्हणतो, मी मूळ रकमेवर धरतो : महिन्याला १००, दहा महिन्यांचे १,०००. दुसरा म्हणतो, मी उरलेल्या रकमेवर धरतो : पहिल्या महिन्याला १००, मग ९०, ८०, असं करत शेवटी १०. बेरीज ५५०. दर दोघांनी एकच सांगितला आणि व्याज जवळजवळ दुप्पट. ही बेरीज मुलांकडून बोटं मोजत करून घ्या. टक्केवारी कच्ची असली तरी चालतं. ‘टक्के’ हा शब्दच काही दिवस बाजूला ठेवा आणि ‘शंभरात किती’ असं विचारा. शंभर चिंचोके टेबलावर ठेवून त्यातले दोन उचलायला लावा. हात चालला की डोकं चालतं.

चिंचोके जमवलेच आहेत तर महागाईचा लिलावही करा. ३० मुलांना प्रत्येकी १० चिंचोके द्या आणि पाच नव्या पेन्सिली एकेक करून लिलावात काढा. मिळालेले भाव फळ्यावर लिहा. मग सगळे चिंचोके परत गोळा करा. हे विसरलात तर पुढचा डाव फसतो, कारण पहिल्या डावात गप्प बसलेल्यांकडे साठा राहतो. दुसऱ्या डावाला प्रत्येकी २० चिंचोके, पेन्सिली पाचच. भाव चढतात. पेन्सिल तीच, लिहिते तितकंच. वाढले ते फक्त चिंचोके. तिसऱ्या डावाला पुन्हा १० चिंचोके, पण पेन्सिली दोनच. भाव पुन्हा पहिल्या डावाच्या वर. आता विचारा, दुसऱ्या आणि तिसऱ्या डावातली महागाई सारखी की वेगळी? एकीत पैसा वाढला, दुसरीत माल घटला. मोठ्या माणसांच्या चर्चेतही या दोन गोष्टींची सरमिसळ होते. काही मुलं चिंचोके एकत्र करून भागीदारीत बोली लावतील. लावू द्या, पण पेन्सिल कुणाकडे राहणार हे आधी ठरवायला सांगा.

आठवडे बाजाराच्या निरीक्षणाला एक शनिवार पुरत नाही, बाजाराचा वारही बहुधा वेगळा असतो. ते घरचा अभ्यास म्हणून द्या. प्रत्येक गटानं दोनच वस्तू घ्यायच्या : एक नाशवंत, जसं मेथी, कोथिंबीर, टोमॅटो, दुसरी टिकाऊ, जसं मूग, गूळ, सुकी मिरची. सकाळी, दुपारी आणि दिवे लागायच्या आधी असा तीनदा भाव टिपायचा. चूक इथं नेमकी एका जागी होते. मुलं विक्रेत्याला ‘भाव काय?’ विचारतात आणि तो सांगतो तेच लिहितात. सांगायचा भाव आणि सुटायचा भाव यात फरक असतो. तेव्हा बाजूला उभं राहून, समोरच्या गिऱ्हाइकानं प्रत्यक्षात किती पैसे मोजले ते लिहायचं. आणखी एक अडचण मापाची. वाटा, जुडी, पाव, किलो असं सगळं येतं. सकाळचा दहा रुपयांचा वाटा संध्याकाळीही दहालाच असतो, पण आकारानं दीडपट झालेला असतो. भाव उतरला, फक्त आकड्यात दिसला नाही. दोन्ही वेळचा एकेक वाटा विकत घेऊन किराणा दुकानाच्या काट्यावर तोलला की हे कळतं. विक्रेत्याजवळ घोळका करू नये, त्याचं गिऱ्हाईक तुटतं. पाव किलो काहीतरी घ्यावं आणि मग विचारावं.

वहीत दिसेल ते असं : कोथिंबीर संध्याकाळी निम्म्यावर, मूग सकाळीही तेवढाच, संध्याकाळीही तेवढाच. का? मूग उद्याही मूगच असतो. कोथिंबीर उद्या कोथिंबीर राहत नाही. ज्याला थांबता येतं त्याला भावात ताणता येतं. हे वाक्य मुलांकडूनच येऊ द्या, कारण पुढचा सगळा कांद्याचा धडा याच्यावर उभा आहे.

लासलगावचा कांदा बाजार तुमच्या शेजारी असताना पाठ्यपुस्तकातली सफरचंदं कशाला? मुलांना लाल कांदा आणि उन्हाळ कांदा तुमच्या-आमच्यापेक्षा जास्त कळतो. लाल कांदा पावसाळ्यानंतर येतो, फार दिवस टिकत नाही, आला की विकावा लागतो. म्हणजे तो कोथिंबिरीचा मोठा भाऊ. उन्हाळ कांदा मार्चपासून पुढे निघतो आणि कांदा साठवायच्या चाळीत दिवाळीच्या आसपासपर्यंत ठेवता येतो. तो मुगाचा धाकटा भाऊ. धाकटा एवढ्यासाठी, की तो टिकतो, पण घटतो.

ही ‘घट’ हाच तुमचा सर्वांत चांगला धडा आहे. उदाहरण असं मांडा. एप्रिलमध्ये ५० क्विंटल उन्हाळ कांदा निघाला, भाव १,००० रुपये क्विंटल. आज विकला तर ५०,००० रुपये. चाळीत भरला तर सप्टेंबरपर्यंत सडून, सुकून, कोंब येऊन तीस टक्के घट होईल असं धरू. खरा आकडा मुलांनी घरून विचारून आणावा, तो घराघरात निराळा निघेल. उरला ३५ क्विंटल. आता विचारा, सप्टेंबरमध्ये भाव किती झाला म्हणजे निदान एप्रिलइतके पैसे येतील? मुलं पटकन सांगतात, तीस टक्के घटला म्हणून तीस टक्के भाव वाढला की झालं, १,३००. करून बघा : ३५ गुणिले १,३०० म्हणजे ४५,५००. साडेचार हजार कमीच. बरोबर उत्तर ५०,००० भागिले ३५, म्हणजे जवळजवळ १,४२९ रुपये. वर चाळीत कांदा भरायची आणि निवडायची मजुरी तीन हजार धरली तर ५३,००० भागिले ३५, म्हणजे सुमारे १,५१४. भाव दीडपट झाला म्हणून गावात आनंद असतो, त्या दीडपटीतही या घराला पाचशे रुपये कमीच पडतात. फळ्यावर हे उतरलं की वर्ग गप्प होतो, कारण हे गणित त्यांच्या घरात रात्री बोललं जातं.

मग प्रश्न येईल, तरी लोक साठवतात कशासाठी? आणि भाव नसताना एप्रिलमध्येच विकतात ते का? इथं उत्तर देऊ नका. कुणाचं गावच्या सहकारी सोसायटीचं कर्ज भरायचं असतं, कुणाकडे चाळच नसते, कुणाच्या घरी लग्न असतं. ‘थांबता येणं’ हेसुद्धा एक भांडवल आहे, हे मुलं स्वतः सांगतील.

पुढच्या शनिवारी हिशेबपट्टी, म्हणजे बाजारात कांदा विकल्यावर शेतकऱ्याला मिळणारी पावती, वाचा. दोन-तीन पालकांकडून जुन्या पट्ट्या मागा, नाव-गाव कापून झेरॉक्स काढा. अगदीच न मिळाल्या तर ही घ्या : वजन २२ क्विंटल ४० किलो, भाव १,२५०, एकूण २८,०००. हमाली-तोलाई वगैरे कपात ३००, ट्रॅक्टरभाडं घरून दिलेलं १,२००. हातात २६,५००. भागा, क्विंटलला सुमारे १,१८३, म्हणजे किलोला ११ रुपये ८३ पैसे. ट्रॅक्टरभाडं पट्टीवर छापलेलं नसतं, म्हणून मुलं ते विसरतात. मेथीच्या वेळचं पेट्रोल आठवून द्या.

त्या आठवड्यात मुंबईत कांदा २६ रुपये किलो असेल तर वर्गातून एकच आवाज येईल, ‘मधले दलाल खातात.’ हे उत्तर अर्धं खरं आहे, आणि अर्ध्या खऱ्या उत्तरावर तास संपवू नये. हातगाडीवाल्याचा हिशेब मांडा. ५० किलोची गोणी २० रुपये किलोनं घेतली, १,००० रुपये गेले. चार किलो सडका-फुटका निघाला. ४६ किलो २६ रुपयांनी विकला तर १,१९६ येतात. १९६ मध्ये गाडीचं भाडं, टेम्पो आणि दिवसभर उन्हात उभं राहणं. तो श्रीमंत होताना दिसत नाही. मग मुलांना लिलावाकडे वळवा : एका ट्रॅक्टरभोवती दहा खरेदीदार बोली लावतात तेव्हा आणि दोघेच उभे असतात तेव्हा, भावात फरक पडेल का? चिंचोक्यांचा लिलाव इथं पुन्हा उपयोगी पडतो : दोनच मुलांना बोली लावू द्या, पेन्सिल किती स्वस्त जाते ते बघा. तक्रार नेमकी कुठं करायची हे अशा हिशेबातून कळतं.

कांद्याचा भाव एवढा वर-खाली का होतो, यासाठी घरचा एक प्रश्न द्या. कांदा २० वरून ६० झाला तर आई भाजीत किती कमी घालते? आणि २० वरून पाचवर आला तर किती जास्त? दोन्हीकडे फरक थोडाच. आता द्राक्षं घ्या. भाव तिप्पट झाला तर गिऱ्हाईक सरळ पुढच्या गाडीवर जाऊन पेरू घेतं. ज्याच्याशिवाय चालत नाही त्याचा माल थोडा घटला तरी भाव भडकतो, थोडा वाढला तरी कोसळतो. निफाडच्या मुलांना कांदा आणि द्राक्ष शेजारशेजारच्या बांधावर दिसतात. भाव बदलला की मागणी किती बदलते, या लवचीकतेचा धडा याहून सोपा कुठं मिळायचा?

सरकारी निर्णयांचा विषय मुलं काढणारच, टाळू नका. तारखा फळ्यावर लिहा. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क, ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यातबंदी, मे २०२४ मध्ये बंदी उठली पण शुल्क आणि किमान निर्यात मूल्य (ज्याहून कमी भावानं माल परदेशी पाठवता येत नाही ते) राहिलं, सप्टेंबर २०२४ मध्ये शुल्क २० टक्क्यांवर आलं आणि किमान मूल्याची अट गेली, १ एप्रिल २०२५ पासून शुल्कही गेलं. मग चार खुर्च्या मांडा : निफाडचा शेतकरी, कांदा निवडणारी मजूर बाई, परदेशी माल पाठवणारा व्यापारी, मुंबईतली घर चालवणारी बाई. प्रत्येक तारखेला प्रत्येकानं एकच वाक्य बोलायचं, ‘माझं काय झालं?’ शेतकऱ्याच्या मुलाला मुंबईच्या खुर्चीवर बसवा. निर्णय बरोबर की चूक यावर मतदान घेऊ नका. गावात पक्ष आहेत, मुलं घरचीच वाक्यं बोलतील. ज्या गोष्टीनं एकाचा घास स्वस्त होतो तिनंच दुसऱ्याचा घास महाग होतो, एवढं त्या वयात दिसलं तरी पुष्कळ झालं.

मजुरांच्या मुलांबद्दल तुम्ही लिहिलंत. एक पथ्य कडक पाळा : घरचं उत्पन्न, कर्ज, जमीन किती, हे वर्गात कधीही विचारू नका. हिशेब ‘एका घराचा’ असतो, कुणाच्या घराचा नसतो. पण मजुरीचा विषय टाळलात तर ती मुलं वर्षभर दुसऱ्यांच्या कांद्याचं गणित सोडवत बसतील. त्यांना ज्यातलं सर्वांत जास्त कळतं ते विचारा : कांद्याची लागण उक्ती (पूर्ण कामाचा एकदम दर ठरवून) परवडते की रोजानं? उक्त्यात हात चालतो, लवकर आटपतं, टोळी जास्त कमावते. पण रोप दाट किंवा वाकडं लागल्याची तक्रार मालक करतो. रोजानं काम नीट होतं, पण रेंगाळतं, मालकाला बांधावर उभं राहावं लागतं. मोबदल्याची पद्धत बदलली की काम बदलतं, हा अर्थशास्त्रातला मोठा विचार आहे आणि तो या मुलांनी बांधावर बघितलेला आहे. लागणीच्या ऐन हंगामात एकरी उक्त्याचा दर का चढतो, हेही तेच सांगतील : सगळ्यांना टोळी एकाच आठवड्यात हवी असते. मागणी आणि पुरवठा हे शब्द त्या तासाला फळ्यावर लिहिले तर ते मालकाच्या मुलांइतकेच मजुरांच्या मुलांचेही होतात.

बाकीचे विषय वेळ उरला तर. पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा वर्षानुवर्षं पाचच रुपयांना मिळतो. वेष्टनावरचं वजन टिपून ठेवायला सांगा आणि १०० ग्रॅमला काय पडलं ते काढा. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. उरलेलं अर्धं कोण भरतं, यावरून करापर्यंत पोचता येतं. ग्रामपंचायतीची घरपट्टी-पाणीपट्टीही आहेच, पण थकबाकीदारांची नावं वर्गात निघणार नाहीत याची काळजी घ्या.

परीक्षा घ्यायचीच असेल तर व्याख्या विचारू नका. एक हिशेब द्या, त्यात एक खर्च मुद्दाम गाळा आणि ‘काय राहिलं?’ विचारा.

आता त्या मुलीकडे परत. तिच्याशी बोलताना दोन प्रश्न राखून ठेवा. पहिला : शेवटच्या सहा जुड्या पाच रुपयांना दिल्यास, चुकलं का? मुलं म्हणतील, पाचचीच होती, म्हणजे नफा नाही. पण दुपारी बारा वाजता सकाळचा व्यापारी कुठं आहे? मेथी खुडून झाली, परत नेली तर सुकणार. त्या वेळी तीन रुपयांनी दिली असती तरी शून्यापेक्षा तीन बरेच. तिनं योग्यच केलं, हे सगळ्यांसमोर सांगा. दुसरा प्रश्न : त्या चार जुड्यांचं पुढं काय झालं? घरी भाजी झाली असेल तर जुडीला पाच धरून वीस रुपये तिच्या जमेला लिहा, शंभरचे एकशेवीस होतील. शेळीला टाकल्या असतील तर शेळीच्या मालकिणीनं काय द्यायचं, ते वर्गाला ठरवू द्या.